लांबून बोलायला काय जातं

आमच्या दहावीच्या ग्रुपवर परवा पुन्हा नाशिकच्या रामकुंडावरून जुंपली. 2027चा कुंभ तोंडावर आलाय, तपोवनातली झाडं तोडण्यावरून झालेलं भांडण अजून निवळलेलं नाही, त्यात कोणीतरी कुंडांच्या तळाचं काँक्रीट उकरून काढलं. म्हणजे विषय, काँक्रीट आहे तिथंच आहे. मी लिहिलं की मागे एका कुंभाच्या तयारीत गोदेतल्या जुन्या कुंडांना काँक्रीटचा तळ घातला, खालचे जिवंत झरे बुजले, लोकांना पार उच्च न्यायालयात जावं लागलं. आता तरी ते काढा आणि नदीला श्वास घेऊ द्या. त्यावर एका वर्गमित्राचं उत्तर आलं: "साठीनंतर शेवाळलेल्या पायरीवर उतरून दाखव, मग बोल. हॅम्बुर्गहून बोलायला काय जातं?"

खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या सख्ख्या मैत्रिणीचा.

तेव्हापासून भांडी घासताना, 62 नंबरच्या फेरी बोटीत बसल्यावर, मनातल्या मनात उत्तरं देतेय. इथं एल्बे नदीवर लांडुंग्सब्रुकेनला बोटींचा धक्का तरंगता आहे. भरती असली तर धक्क्यावर जायचा पूल जवळजवळ सपाट, ओहोटी लागली की चांगलाच चढ. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या बायका रोलाटोर, म्हणजे चाकांचा वॉकर, ढकलत तो चढतात, मध्ये थांबतात, दम खातात, पुन्हा चढतात. म्हाताऱ्यांची सोय म्हणून एल्बेची भरती-ओहोटी बंद करा, असं इथं कोणी म्हणत नाही. 1962च्या फेब्रुवारीत वादळाने पाणी शहरात घुसलं आणि 315 माणसं गेली. त्या पाण्याच्या खुणा अजून भिंतींवर जपलेल्या आहेत.

आणि आमच्याकडे पाणी किती चढलं ते सांगायला गोदेच्या पात्रात साक्षात दुतोंड्या मारुती उभा आहे, हे त्या अकरा जणांना मी सांगायचं? दुतोंड्याच्या कमरेला पाणी लागलं की सराफ बाजारातले लोक सावध होतात, छातीला लागलं की माल हलवायला लागतात. 2019च्या ऑगस्टमध्ये त्याच्या डोक्यावरून पाणी गेलेलं मी इथं फोनवर बघितलं आणि शेजारणीला दाखवायला धावले. तिने विचारलं, हा पुतळा पाण्यात का ठेवलाय? मला समजावता आलं नाही. जर्मनमध्ये तर नाहीच.

ग्रुपवर जे लिहिलं नाही ते इथं लिहिते. एल्बेचे इथले काठ दगडाने बांधून काढलेले आहेत, जुने कालवे कित्येक ठिकाणी बुजवलेत, आणि त्या नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कोणी अर्घ्य देत नाही. इथल्या नियोजनाचे गोडवे गाताना मी एल्बफिलहार्मोनी या इथल्या संगीत सभागृहाचा हिशेबही काढत नाही. शहराच्या तिजोरीतून 7.7 कोटी युरो लागणार होते, लागले 78.9 कोटी. आपल्याकडे असं झालं असतं तर मी पहिला मेसेज टाकला असता.

शेवाळलेल्या पायरीवर मी उतरलेय. मागच्या डिसेंबरात, दादाच्या अस्थी घेऊन.

स्टेशनवरून रिक्षा केली. "पंचवटी दर्शन करना है? सीता गुंफा, काळाराम, तपोवन?" मी मराठीत सांगितलं, बाबा रे, माझा जन्म पंचवटीतला. तो शेवटपर्यंत हिंदीतच बोलला. लहानपणी आम्ही वाड्याच्या ओट्यावर बसून यात्रेकरूंना हसायचो. त्यांचे गडू, त्यांच्या पिशव्या, नारोशंकराच्या घंटेकडे मान वर करून बघत उभं राहणं. आम्ही गंगेवर, म्हणजे गोदेवरच, जायचो ते भाजी आणायला. ते तीर्थाला यायचे.

घाटावर भाच्याने दंड धरला होता. "मावशी, आधी काठी टेक." तिसऱ्या पायरीवर हिरवट, साबणासारखा थर होता, बदललेला गुडघा तिथं नको म्हणाला. शेजारी एक पोरगं नाणी काढायला दोरीला चुंबक बांधून पाण्यातून ओढत होतं. त्याने दोरी दातात धरली आणि न सांगता माझा दुसरा हात पकडला. मग पाय खाली टेकला तो काँक्रीटचा तळ सपाट आणि घट्ट लागला. मी त्या तळावर व्यवस्थित उभी राहिले. ज्याच्याविरुद्ध वर्षानुवर्षं मेसेज लिहितेय, त्याच्यावर. आणि मला इतकं बरं वाटलं की दादाचं नाव घ्यायला क्षणभर विसरले. रामकुंडात अस्थी विरघळतात, असं आई सांगायची. राख निघून गेली, दोन-तीन तुकडे पांढरे दिसत राहिले, मग तेही दिसेनात. ते विरघळले की गाळात बसले, मी वाकून बघितलं नाही.

तरीही काँक्रीट काढावं हेच माझं मत आहे. कठडे लावा, साखळ्या बांधा, पायऱ्या रोज घासा. हात धरायला माणसं नेमा. चुंबकवाल्या पोरांनाच पगार द्या. गंगापूर धरणातून किती पाणी सुटेल त्यावर ज्या नदीचं नशीब ठरतं, तिचे स्वतःचे झरे तरी तिला मोकळे द्या. वर्गमित्राला हे पटणार नाही. त्याचे वडील तिथंच घसरून पडले होते, हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या एकाही उत्तरात मी त्याचा उल्लेख केलेला नाही.

विधी झाल्यावर गुरुजींनी वही उघडली. लांबट, लाल कापडात बांधलेली.

"गाव?"

"नाशिक. इथलीच."

"इथल्यांची नाही हो लिहीत मी यात, यात्रेकरूंची लिहितो. सध्या मुक्काम कुठं?"

मी गप्प. भाच्यानेच सांगितलं. गुरुजींनी सावकाश 'हमबर्ग' असं लिहिलं, पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तालुका?"