मागलं की पुढलं?

आमच्या पंक्चरवाल्याने मला "काय झालं?" विचारणं कधीच सोडलंय. मी सायकल ढकलत वळणावर दिसलो की तो घमेल्यात पाणी ओतायला घेतो. "मागलं की पुढलं?" हेही तो रीत म्हणून विचारतो. उत्तर ठरलेलं. मागलंच. रस्त्यात निवांत आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं आणि मागचं, ज्यावर माझ्या देहाचा बराचसा भार असतो, त्यावर जाऊन बसतं.

मुरूडहून हर्णै बंदरावर मासळी आणायला जायचं, एवढाच माझा सायकलप्रवास. पण समोरून गाडी आली की सायकलवाल्याने कडेला उतरायचं, आणि कडेला काय नसतं? गाड्यांची चाकं मधला रस्ता झाडून लख्ख ठेवतात. फुटक्या बाटल्या, करवंदीचे काटे, होड्यांच्या डागडुजीतले गंजके खिळे, कालवांच्या शिंपा, सगळा केर कडेला, माझ्यासाठी. पावसात तर ओली काच टायरला चिकटते आणि साबण लावल्यासारखी आत सरकते.

बरं, हवा कमी ठेवून चालवावं तर खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. दोन भोकं, शेजारी शेजारी, थेट फुरसं चावल्यासारखी. पंप मारायचा माझा आळस असा ट्यूबवर उमटतो.

गणपतीत भावोजी पुण्याहून गाडी घेऊन आले. माझे काळे झालेले हात पाहून म्हणाले, "आमच्याकडे दोन वर्षांत एक पंक्चर नाही!" मी त्यांना सांगून पाहिलं की तुमच्या जाड रबराखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, माझ्याकडे दोन-तीन मिलिमीटर रबर, थोडं कापड आणि आत फुग्याची चुलत बहीण. शिवाय हवेचं टायर मुळात सायकलवाल्यांनीच लोकप्रिय केलं. १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने ते पोराच्या तीनचाकीसाठी केलं होतं. भावोजी मोदक खात होते.

निघायच्या दिवशी हवा बघायला ते माझ्याबरोबर आले. काट्यावर तीन चाकं ३२, चौथं २१. पंक्चरवाल्याने चाकावर साबणाचं पाणी मारलं. बुडबुडे आले. ट्यूबलेस टायर खिळा गच्च धरून बसतं, हवा थेंबथेंब सोडतं. खिळा कधीपासून होता कोण जाणे. माझी सायकल निदान जागच्या जागी बसून तक्रार तरी करते.

भावोजींचा चेहरा उतरला. "तुमच्या या रस्त्यांनी..." त्यांनी सुरुवात केली.

पंक्चरवाल्याने पकडीने खिळा उपसला, उजेडात फिरवून बघितला.

"इकडचा नाय हो. इकडचा असता तर खाऱ्या हवेनं कधीच गंजला असता. हा तुम्ही पुण्यासनंच आणलात."