बालगृहात 'किती मुलं आहेत' हे विचारणं मी सोडलंय

२००९ साली ट्रेकसाठी नेपाळला गेलो होतो. परतीच्या विमानाला दोन दिवस होते म्हणून गाइडने काठमांडूजवळचं एक बालगृह दाखवायला नेलं. (हो, देवळं, स्तूप आणि मग बालगृह! तेव्हा मला यात काही खटकलं नाही.) फलकावर लिहिलेलं, 'द्वन्द्वपीडित अनाथ बालबालिका', म्हणजे युद्धाची झळ बसलेली अनाथ मुलं. रांगेत वीसेक मुलं, नमस्ते, एक गाणं, मग चहा. दहाएक वर्षांची एक मुलगी शेजारी येऊन बसली. घर कुठलं विचारल्यावर लगेच म्हणाली, 'हुम्ला'. 'आमा?' म्हणजे आई, असं विचारल्यावर मात्र तिने आधी संचालकांकडे पाहिलं आणि मग म्हणाली, 'छैन.' नाही.

माझा गळा दाटून आला. पाच हजार नेपाळी रुपयांची पावती फाडली.

ते 'आधी पाहणं' मला कळलं खूप नंतर, वाचत गेलो तेव्हा. १९९६ ते २००६ नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांचं युद्ध चाललं. हुम्ला म्हणजे वायव्य टोकाचा जिल्हा, तेव्हा सिमिकोटला, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, जायचं तर विमान, नाहीतर कित्येक दिवसांची पायपीट. माओवादी घरटी एक माणूस मागायचे, पोरंही सोडायचे नाहीत. अशा वेळी दलाल गावात यायचे: पोराला काठमांडूत ठेवतो, शाळेत घालतो. आईबापांनी जमीन, जनावरं विकून पैसे दिले. आणि राजधानीत पोचलेली ती मुलं कागदोपत्री अनाथ झाली. काहींना तर आईबापाचे खोटे मृत्यूचे दाखलेही जोडले गेले.

युनिसेफच्या म्हणण्यानुसार नेपाळच्या बालगृहांतल्या किमान ८५ टक्के मुलांची आई किंवा वडील हयात होते. आणि बहुतेक बालगृहं कुठे? काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की, चितवन. जिथे पर्यटक, तिथे अनाथ!

सगळेच चालक बदमाश होते असं मी म्हणत नाही. गाव पेटलेलं असताना पोराला छप्पर देणारा माणूस मोठाच. पण देणगी डोक्यांवर मिळते. मूल घरी परत गेलं की एक डोकं कमी, म्हणजे तेवढा पैसा कमी. मग भल्या माणसालाही गाव शोधायची घाई उरत नाही.

युद्धातलं बालगृह चालवायचं तर डाळभाताआधी वही हवी, असं माझं मत झालंय. कोण घेऊन आलं, गाव, वॉर्ड, बापाचं नाव, आजोळ, अंगावरची खूण, आलं त्या दिवशीचा फोटो. पाच वर्षांचं पोर काही वर्षांत आपली बोलीही विसरू शकतं, गावाचं नावही. कॉनर ग्रेनन हा अमेरिकन तरुण काठमांडूजवळच्या गोदावरी गावातल्या एका बालगृहात स्वयंसेवक होता. २००६ मध्ये तो मुलांचे फोटो घेऊन हुम्लाच्या डोंगरांत पायी हिंडला आणि त्याला खरंच आईबाप सापडले. जिवंत!

हे काम कुठल्याच माहितीपत्रकात चांगलं दिसत नाही. गाणारी मुलं दिसतात.

आता देणगी मागायला कुणी आलं की मी एवढंच विचारतो, गेल्या वर्षी किती मुलं घरी पोचवलीत? बहुतेक जण 'घरी' म्हणजे काय, असंच विचारतात.

ती पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर माझं पूर्ण नाव आहे, पत्ता आहे, पासपोर्ट नंबरसुद्धा आहे. त्या मुलीचं नाव मी विचारलंच नव्हतं.