तास संपू दे

जावयाने स्वतःच्या खिशातून तिकिटं काढली की कुठे जायचंय हे सासऱ्याने विचारू नये. म्हणून लंडनला लेकीकडे राहायला गेलो असताना एका शनिवारी मी केंटमधल्या रॅम्सगेट गावी पोचलो, आणि समोर छान समुद्र पसरलेला असताना त्याच्याकडे पाठ करून एका भुयाराच्या तोंडाशी उभा राहिलो. लेक आणि तिची आई शहाण्या. त्या वाळूत उन्हाला बसल्या.

"बाबा, आत दीड तास लागेल. आधी जाऊन येताय का?" लेक म्हणाली.

"मी काय बालवाडीत आहे?" मी म्हणालो. गाडीत थर्मासमधला दोन कप चहा झाला होता, वर स्टेशनबाहेर एक कॉफी. पण चौतीस वर्षं शाळेत मास्तरकी केलेला माणूस आपल्या मूत्राशयाबद्दल जावयादेखत चर्चा करत नाही.

डोक्यावर हेल्मेट आणि हातात टॉर्च देऊन आम्हाला आत घेतलं. सुरुवातीचा बोगदा चांगला ऐसपैस, कारण तो मुळात रेल्वेचा. १८६३ ते १९२६ इथून गाड्या थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या स्टेशनात यायच्या. पुढे युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा गावचे महापौर केम्प आणि इंजिनिअर ब्रिमेल यांनी ठरवलं, की या बोगद्याला जोडून अख्ख्या गावाच्या पोटातून भुयारं खणायची. सरकारने आधी नकारघंटा वाजवली. हे दोघे चिकट निघाले. १ जून १९३९ ला उद्घाटनसुद्धा झालं, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या तीन महिने आधी! आमच्या आळीतलं गटार आठवून मी एक उसासा सोडला. तो सोडायला नको होता. पोटावर दाब आला.

बाजूच्या फाट्यातून आम्ही खऱ्या भुयारात शिरलो. सहा फूट रुंद, सात फूट उंच, आणि असं सव्वातीन मैल. भिंती पांढऱ्या. मी हात लावला आणि बोटांना चटकन ओळख पटली. खडू! हे गाव वसलंय तेच खडूच्या दगडावर. जन्मभर ज्याची पूड नाकातोंडात गेली, त्याच्या आत साठ-सत्तर फूट मी गाडला गेलो होतो. आणि गारठा! आतलं तापमान बारा महिने ११ अंश. गारठ्याचा आणि चहाचा आपसात काय करार असतो, ते साठी उलटलेल्यांना सांगायला नको.

गाईड म्हणून एक स्वयंसेवक आजोबा होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आणि दहा पटींनी निवांत. ते सांगत होते, २४ ऑगस्ट १९४० ला काही मिनिटांत या गावावर सुमारे ५०० बॉम्ब पडले. शेकडो घरं मोडली. माणसं मात्र ३१ गेली, कारण बाकीचं गाव इथे खाली होतं. ज्यांची घरं गेली ती कुटुंबं मग इथेच राहिली. मघाच्या रेल्वे बोगद्यात फळ्या आणि गोणपाटं लावून त्यांनी खोल्या केल्या, संसार थाटले. मी ऐकत होतो, खरंच ऐकत होतो. पण एकतीस म्हटल्यावर काळजात जे हलायला हवं होतं, त्याच्या जरा खालचंच काहीतरी हलत होतं. लाज वाटली. लाजेनेही दाब कमी होत नाही.

एवढ्यात आजोबा एका कोनाड्यापाशी थांबले. भिंतीत खणलेला, जेमतेम एक माणूस मावेल असा. "हे शौचालय," ते म्हणाले. आत डबा, समोर गोणपाटाचा पडदा. पलीकडे हातभर अंतरावर बाकांवर शेजारीपाजारी ओळीने बसलेले. सगळे हसले. मी त्या रिकाम्या कोनाड्याकडे असं बघत राहिलो, की जावई म्हणाला, "बाबा फारच रमले. काही शंका आहे का बाबा? विचारू का त्यांना?"

शंका होती. लघु होती. पण इंग्रजीत कशी विचारणार?

मग आजोबांनी सगळ्यांना टॉर्च बंद करायला लावले. मिट्ट काळोख. शांतता. आणि त्या शांततेत कुठेतरी छतावरून पाणी ठिबकायला लागलं. टप्. टप्. टप्.

त्या काळोखात मला सातवी 'ब' दिसली. तिसऱ्या बाकावरचा एक किडकिडीत पोरगा, करंगळी वर करून उभा. "सर, जाऊ?" आणि फळ्याकडे तोंड करून मी, हातात हाच खडू: "तास संपू दे." तो पाय बदलत उभा राहायचा, डावा, उजवा, डावा. काळोखात मीही तेच करत होतो. चौतीस वर्षांत अशा किती करंगळ्या मी खाली बसवल्या असतील! कुठे असाल तिथे सुखी असा रे पोरांनो. तुमचा सूड पूर्ण झाला.

टॉर्च लागले. परतीची वाट सुरू झाली. जावई एकाएकी माझ्या पुढे गेला आणि झपाझप चालू लागला. एरवी माझा हात धरून रस्ता ओलांडणारा मुलगा! मीही वेग वाढवला. मागून आजोबा काहीतरी सांगत होते. ऐकू आलं नाही. समोर उजेडाचं टिकलीएवढं भोक, मग वाटीएवढं, मग परातीएवढं. बाहेर समुद्र, वाळू, आणि एक स्वच्छतागृह. ते दिसलं तसे आम्ही दोघंही अक्षरशः धावलो. दारापाशी एकाच वेळी पोचलो. आत एकच जागा मोकळी.

जावयाने माझ्याकडे पाहिलं. चेहरा लालभडक, पाय जुळवलेले. आणि काही न बोलता त्याने हळूच करंगळी वर केली.

या मुलाला अधिक महिन्यात मी तेहतीस अनारसे वाढलेत, पाटावर बसवून.

"थांब," मी म्हणालो, आयुष्यात प्रथमच त्याला एकेरीत, आणि दार आतून लावून घेता घेता, "आधी सर."