‘स्वतःच्या घराला परवाना कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, फक्त ठाण्याचे आहात एवढं कळलं. दुबईतला फ्लॅट सुट्टीवर आलेल्या पाहुण्यांना रोजच्या भाड्याने देण्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुमचे चार आक्षेप आहेत. घर आपलं, मग परवाना कशाला? हे काम फक्त कंपन्याच करू शकतात, हे माझं विधान चूक आहे. तिथे आयकरच नाही, तर इथे सांगायचं काय? आणि आत असलेल्या भाडेकरूला महिन्याची नोटीस दिली की घर मोकळं होतं, मी उगाच घाबरवतो.

दुसरा आक्षेप शंभर टक्के बरोबर. मालक स्वतःच्या नावावर नोंदणी करून आठ घरांपर्यंत असं भाड्याने देऊ शकतो, त्यापुढे कंपनीचा परवाना लागतो. मूळ लेख दुरुस्त केला आहे. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार.

परवान्याचं मात्र मी म्हटलं तसंच आहे. वर्षाच्या कराराने घर दिलं तर त्याची इजारीत, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार नोंदणीत, नोंद होते आणि विषय तिथे संपतो. रोजावर दिलं की ते पर्यटनाच्या नियमांखाली येतं. २०१३ च्या ४१ क्रमांकाच्या हुकुमापासून हे चालू आहे, आणि आज ते काम अर्थव्यवस्था व पर्यटन विभागाकडे आहे. प्रत्येक घराचा परवाना वेगळा. त्याचा क्रमांक जाहिरातीत दिसला पाहिजे, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नोंद झाली पाहिजे, आणि घराच्या दर्जाप्रमाणे दर बेडरूममागे रात्रीला १० किंवा १५ दिरहॅम पर्यटन शुल्क पाहुण्याकडून घेऊन भरलं पाहिजे. तुमचे मेहुणे परवान्याशिवाय असं घर देतात आणि त्यांना दोन वर्षांत कुणी विचारलं नाही असं तुम्ही लिहिलंय, यावर माझा विश्वास आहे. पण एअरबीएनबीवर टाकलेली जाहिरात सगळ्या जगाला दिसते, तशी ती त्या विभागालाही दिसते.

आता भाडेकरू. खरं सांगायचं तर मूळ लेख मी याच मुद्द्यासाठी लिहिला होता. दलाल सांगतात, ‘भाडेकरूसकट फ्लॅट घ्या, करार संपला की काढा आणि रोजावर लावा.’ दुबईच्या भाडेकायद्यात, म्हणजे २००७ च्या २६ क्रमांकाच्या आणि २००८ साली दुरुस्त झालेल्या कायद्यात, करार संपणं हे घर रिकामं करून घेण्याचं कारणच नाही. मुदत संपताना भाडेकरूला काढायचं तर कारणं मोजकी आहेत: इमारत पाडून नव्याने बांधायची आहे, माणूस आत असताना करता येणार नाही अशी मोठी दुरुस्ती आहे, मालकाला किंवा त्याच्या अगदी जवळच्या नातेवाइकाला राहायला घर हवं आहे, किंवा ते विकायचं आहे. पाहुण्यांकडून जास्त पैसे मिळतील, हे कारण त्यात कुठेच नाही. आणि कारण खरं असलं तरी नोटीस महिन्याची नाही, बारा महिन्यांची, आणि तीही नोटरीमार्फत किंवा नोंदणीकृत टपालाने. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप चालत नाही.

‘स्वतःला राहायचंय’ असं सांगून घर मोकळं करून घेतलं, तर राहत्या घरासाठी पुढची दोन वर्षं ते दुसऱ्या कुणाला भाड्याने देता येत नाही. दिलं, तर जुना भाडेकरू भरपाई मागू शकतो. मी तिथे अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढली. मुलांची शाळा, बसचा थांबा, ऑफिसचा रस्ता, सगळं त्या एका पत्त्याभोवती बांधलेलं असतं. महिन्याभरात घर सोडा म्हटलं की काय होतं, ते शेजारच्या कुटुंबाचं मी जवळून पाहिलंय. त्यांना हा कायदा माहीत नव्हता म्हणून ते निमूट निघाले. या मुद्द्यावर मी आवाज चढवला असेल, तर तो मला परत घ्यायचा नाही.

कराचं थोडक्यात. तुम्ही ठाण्यात राहता, म्हणजे भारतात निवासी, म्हणून जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र. दुबईत आयकर भरलेला नसल्यामुळे इथल्या करातून वजा करायलाही काही नाही. घरभाडं म्हणून दाखवलं तर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. पण चादरी बदलून, सफाई देऊन रोज नवे पाहुणे ठेवले, तर हे घरभाडं की व्यवसाय, असा प्रश्न येतो. ते सीएसमोर बसूनच ठरवा. ‘सहज’ नावाचा विवरणपत्राचा सोपा फॉर्म (आयटीआर-१) तुम्हाला चालणार नाही, परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात फ्लॅट दाखवावाच लागतो. न दाखवल्यास काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. २० लाखांपर्यंतची जी सवलत २०२४ मध्ये आली, तिच्यातून स्थावर मालमत्ता वगळलेली आहे. (आखातातून नुकतेच परतलेल्यांना पहिली दोन-तीन वर्षं वेगळा दर्जा मिळू शकतो, त्यांनी हे वाचून घाबरू नये.) भाडं तिथल्या खात्यात नुसतं पडू देऊ नका. ते पुन्हा गुंतवलं नाही, तर १८० दिवसांत भारतात आणावं लागतं.

एक गोष्ट तुमच्याच ओळीतून. तुम्ही लिहिलंय की पैसे तुमच्या आणि वहिनींच्या अशा दोघांच्या मर्यादेतून पाठवणार, आणि फ्लॅट तुमच्या एकट्याच्या नावावर घेणार. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात हे खरं, पण घरासाठी दोघांची मर्यादा एकत्र करायची तर मालकीतही दोघं हवेत. बयाणा देण्याआधी वहिनींचं नाव कागदावर घाला.