घाणेरी ‘आता आपलीच’ म्हणे!

‘घाणेरीची बदनामी थांबवा’ असा एक मजकूर सध्या हातोहाती फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: घाणेरी म्हणजेच टणटणी दोनशे वर्षं इथे आहे, म्हणून ती आता इथलीच, तिच्यावर फुलपाखरं येतात, बागेत छाटून ठेवली की जंगलाला तिचा त्रास नाही, आणि इतकं बिनकटकटीचं देशी झुडूप मिळत नाही.

दोनशे वर्षांचा हिशेब बरोबर आहे. उष्णकटिबंधीय अमेरिकेतली ही वनस्पती १९व्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आली. पण तेवढ्या काळात तिने काय केलं, ते मजकुरात नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात ती पसरली आहे. तिच्या जाळीखाली गवत आणि रोपं तग धरत नाहीत. गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. परकं असण्याबद्दल तक्रार नाही; झेंडू, बोगनवेल, पांढरा चाफा (सोनचाफा नव्हे) हेही बाहेरचेच, पण ते कुंपण ओलांडून रानं गिळत सुटलेले नाहीत.

फुलपाखरांचा मुद्दा सगळ्यांत पटणारा, आणि सगळ्यांत अर्धवट. घाणेरीवर फुलपाखरं येतात, मध पितात, फोटोही छान येतो. पण मादी अंडी घालते ती अळीला खाता येईल अशा झाडावर, आणि आपल्या फुलपाखरांपैकी जवळपास कुणाचीच अळी घाणेरी खात नाही. प्लेन टायगरला रुई लागते, कॉमन मॉरमॉनला कढीपत्ता किंवा लिंबू, लेमन पॅन्सीला कोरांटीसारखी झुडपं. नुसती घाणेरी लावलेली बाग म्हणजे पाळणाघर नसलेली खानावळ. कुरतडलेली पानं बघवत नसतील, तर फुलपाखरांचं नाव पुढे करू नये.

‘छाटून ठेवली की झालं’ हे तर उलटंच आहे. घाणेरीला फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणजे छाटणीनंतर फुलोरा वाढतो. फुलांमागून काळी फळं येतात, बुलबुल ती खातात आणि बी कुठे टाकायचं ते बुलबुल ठरवतात. नर्सरीत ‘बी न धरणारी’ म्हणून मिळणाऱ्या काही जाती खरोखर कमी फळतात. पण लेबलावर विसंबू नका, बहर ओसरल्यावर झुपक्यात हिरवे मणी धरलेत का ते बघा.

उरला बिनकटकटीचा मुद्दा. निर्गुडी आणि अडुळसा फांदी खोचून लागतात, कमी पाण्यावर निभावतात, आणि अडुळशाला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. काटेरी कुंपण हवं तर करवंद आहे, पिवळी कोरांटी आहे. रंगच हवा असेल तर धायटी लावा: हिवाळ्याच्या शेवटी, रान सुकत असताना, फांद्या लाल फुलांनी भरतात आणि शिंजीर पक्षी त्यांच्यावर तुटून पडतात. घाणेरीसारखी बारमाही फुलं यांतलं एकही झुडूप देणार नाही, हे मान्य. तीन-चार जाती मिळून वर्ष भरून निघतं.

त्या मजकुरातलं एक वाक्य मात्र खरं आहे: घाणेरीच्या जाळीत पक्षी घरटी करतात. म्हणून सगळी जाळी एका दिवसात उपटू नये. आधी घरटी तपासावीत, टप्प्याटप्प्याने काढावी आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच देशी रोपं लावावीत. नुसती वरून कापली तर बुडखा पुन्हा फुटतो. दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू यांच्या पद्धतीत मूळ जमिनीच्या किंचित खाली तोडतात आणि झुडूप उलटं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे फळं धरण्याआधी करावं. नंतरही दर पावसाळ्यात वर येणारी रोपं उपटत राहावी लागतात, कारण मातीत बी असतंच.