कॅरेक्टर शेवटच्या महिन्यापर्यंत लपवा म्हणे! स्मॅशने असं काहीही केलं नव्हतं

'झाकली मूठ सव्वा लाखाची' अशा मथळ्याची एक पोस्ट गेम बनवणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतेय. दावे असे: सगळी कॅरेक्टर लाँचच्या आधीच्या शेवटच्या महिन्यात जाहीर करा, दर आठवड्याला एक. सगळ्यात मोठं लाँचपर्यंत दाबून ठेवा, निन्टेंडोचा मारामारीचा गेम 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' तसाच गाजला. लीक कंपन्याच करवतात. आणि छोट्या गेमलाही हेच लागू. हे वाचून माझ्या भाच्याने आपल्या सहा कॅरेक्टरांच्या गेमचं स्टीमवरचं (पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानातलं) पान अडवून ठेवलंय, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी स्मॅश. गेम आला 7 डिसेंबर 2018 ला. सगळ्यात मोठा बार उडाला 12 जूनला, ई-थ्री या गेमांच्या प्रदर्शनात: आधीच्या भागांतला प्रत्येक फायटर परत येतोय, वर रिडली हा नवा फायटर, ज्याच्यासाठी चाहते वर्षानुवर्षं हटून बसले होते. लाँचला तेव्हा जवळपास सहा महिने होते. मग 8 ऑगस्टला सायमन, किंग के. रूल वगैरे मंडळी, 13 सप्टेंबरला इझाबेल, 1 नोव्हेंबरला केन आणि इनसिनरोर. मधली अंतरं आठ, पाच आणि सात आठवड्यांची. आणि शेवटच्या पाच आठवड्यांत मूळ गेममधलं नवं कॅरेक्टर? एकही नाही. लाँचच्या तोंडावर गेम अवॉर्ड्स या पुरस्कार सोहळ्यात जोकर हे कॅरेक्टर दिसलं हे खरं, पण तो नंतर पैसे मोजून मिळणाऱ्या पासमधला होता.

दाबून ठेवण्यात धोकाही असतो. दुकानांत माल लाँचच्या आधी पोचतो. याच गेमची प्रत सुमारे दोन आठवडे आधी फुटली आणि स्टोरी मोडचे व्हिडिओ नेटवर आले. त्यात एखादं राखून ठेवलेलं कॅरेक्टर असतं, तर त्याचं उद्घाटन भलत्यानेच उरकलं असतं.

'दर आठवड्याला एक' यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. स्मॅशच्या साइटवर फायटरांची ओळख एकेक करून यायची, पण आधीच जाहीर झालेल्यांची. गेन्शिन इम्पॅक्ट या सतत नवी व्हर्जन येत राहणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये पुढच्या व्हर्जनची कॅरेक्टर ठरलेल्या लयीत येतात, तीही साधारण सहा आठवडे आधी, म्हणजे लोकांना प्रिमोजेम (नवी कॅरेक्टर मिळवायचं गेममधलं चलन) साठवायला वेळ मिळतो. तिथे खेळाडू आधीपासून घरात आहेत. नव्या गेमला ते आणायचेत.

लीकबद्दल फार लिहीत नाही. 2 जून 2022 ला कॅपकॉम कंपनीने मारामारीचा गेम स्ट्रीट फायटर 6 दणक्यात दाखवला आणि लगोलग त्यातल्या बहुतेक सगळ्या कॅरेक्टरांची चित्रं बाहेर पडली. पुढचं वर्षभर कॅपकॉम त्याच यादीतली कॅरेक्टर जाहीर करत राहिली. स्वतःच्या वर्षभराच्या कार्यक्रमातली उत्सुकता कोण हौसेने जाळेल? तरी ट्रेलर चालले, कारण नाव फुटलं तरी ते कॅरेक्टर लढतं कसं, हे कुणी पाहिलं नव्हतं.

आता खरा घात: 'छोट्या गेमलाही हेच लागू.' स्टीम चालवणाऱ्या वाल्व्ह कंपनीची डेव्हलपरांसाठीची कागदपत्रं सगळ्यांना खुली आहेत, ती वाचा. 'लवकरच येत आहे'चं पान रिलीजच्या किमान दोन आठवडे आधी उघडं असावंच लागतं. त्याआधी पानाची तपासणी, तिला तीन ते पाच कामाचे दिवस धरा. बिल्डची, म्हणजे प्रत्यक्ष खेळायच्या गेमच्या फायलींची, तपासणी वेगळी. काही चुकून परत आलं की पुन्हा रांग. नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात एका गेमला एकदाच जाता येतं, तेही रिलीजच्या आधी. रिलीजच्या दिवशी स्टीम मेल पाठवतं ते विशलिस्ट केलेल्यांना, म्हणजे गेम आपल्या 'हवे असलेल्या' यादीत टाकलेल्यांना. पानच महिनाभर आधी उघडलं, तेही काळ्या सावल्या दाखवून, तर मेल जाणार कुणाला?

सहा कॅरेक्टर असतील तर पान उघडतानाच दोन पूर्ण दाखवा, एक जड आणि संथ, एक चपळ. किमान पाच स्क्रीनशॉट लागतात, ते या दोघांच्या मारामारीतून सहज निघतात. पुढची दोन डेमोबरोबर, पाचवं रिलीजच्या तारखेबरोबर. सहावं राखायचंच असेल तर राखा, एवढी हौस चालेल. ट्रेलरच्या पहिल्या पाच सेकंदांत त्या कॅरेक्टरची खास चाल दिसू दे, लोगो मागाहून. अ‍ॅनिमेशन पक्कं होण्याआधी रेकॉर्ड केलंत तर नंतर बदललेली चाल ट्रेलरमध्ये तशीच राहते आणि 'दाखवलं एक, दिलं एक' सुरू होतं. अमेरिकेतला प्रेक्षक हवा असेल तर पॅसिफिक वेळेचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा.

आणि लपवायचं ते डेमोच्या बिल्डमधून काढा, नुसतं मेनूतून नको. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रिसोर्सेस' फोल्डरमधलं सगळं बिल्डमध्ये जातं, कुठल्याही सीनमध्ये वापरलेलं नसलं तरी. डेमो आल्यावर फायली उकरणारे त्यातूनच सहाव्याचे स्प्राइट (कॅरेक्टरची चित्रं) आणि आवाज काढतात. अचिव्हमेंटच्या (खेळाडूला मिळणाऱ्या बिल्ल्यांच्या) यादीतही त्याचं नाव रिलीजआधी टाकू नका.