सात मिनिटांत दर्शन

आज सकाळी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका भाच्याने फोटो टाकला. कपाळी गंध, गळ्यात देवस्थानाने दिलेले उपरणे, हातात प्रसादाची पिशवी आणि खाली एक ओळ : 'व्हीआयपी दर्शन, गाडीतून उतरल्यापासून सात मिनिटांत.' त्यावर अर्ध्या नातेवाइकांनी हात जोडले आणि दोघातिघांनी 'भाग्यवान आहेस' असेही लिहिले. मुलगा गुणी आहे, त्याच्यावर माझा राग नाही. परंतु 'भाग्यवान' हा शब्द वाचल्यापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. लांबेल, याची कल्पना आहे.

गेल्या हिवाळ्यात मी सासूबाईंना एका मोठ्या तीर्थक्षेत्री घेऊन गेले होते. नाव लिहीत नाही. लिहिले तर सगळी चर्चा त्या एका देवस्थानाभोवतीच फिरेल, आणि तुमच्यापैकी बहुतेकांना आपापल्या अनुभवातले एखादे नाव आठवेलच. सासूबाईंचे वय ७९. ज्येष्ठांसाठीची वेगळी रांग त्या दिवशी बंद होती. का, ते कोणी सांगितले नाही. आम्ही पाच तास दर्शनबारीत होतो. लोखंडी कठड्यांना धरून, मध्येच एखाद्या कट्ट्यावर टेकून, शेजारच्या बायकांशी सुनांविषयी आणि गुडघ्यांविषयी बोलत त्यांनी ते पाच तास काढले, आणि खरे सांगते, त्या कंटाळलेल्या नव्हत्या. तीन वेळा बाजूचे दार उघडले, तीन वेळा आमची रांग थांबवली गेली आणि इस्त्रीच्या कपड्यांतली काही माणसे आत जाऊन बाहेरही आली.

आमची पाळी आली तेव्हा त्यांच्या हातातला हार कोणीतरी घेऊन बाजूच्या ढिगावर टाकला. गाभाऱ्यासमोर येताच त्यांनी, जन्मभराच्या सवयीने, हात जोडले आणि डोळे मिटले. तेवढ्यात खांद्यावर हात पडला, 'चला, चला, पुढे चला' झाले, आणि त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर देणगी पावतीची खिडकी होती.

बाहेर आल्यावर त्यांनी मला एकच विचारले, "आज देवाला कोणत्या रंगाचं वस्त्र होतं गं?"

मी पाहिलेच नव्हते. मी त्यांच्या खांद्यावरच्या त्या हाताकडे पाहत होते. मी म्हटले, "पिवळं."

आता लगेच कोणीतरी लिहील की गर्दीचे नियोजन नको का. हवे. २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत शेकडो भाविकांचे प्राण गेले, हे साताऱ्याकडची माणसे अजून विसरलेली नाहीत. गाभाऱ्यासमोर लोक तुंबले की मागे काय होऊ शकते, ते मलाही कळते. सशुल्क दर्शनाच्या पैशातून अन्नछत्रे आणि भक्तनिवास चालतात, हेही मान्य. पण रांग वाहती ठेवायची असेल तर ती सर्वांसाठीच वाहती ठेवा ना. ज्या गर्दीपायी माझ्या सासूबाईंना देवासमोर दोन श्वास घ्यायला मिळाले नाहीत, तीच गर्दी बाजूच्या दाराने आलेल्या कुटुंबाला फोटोची चौकट जुळवेपर्यंत कशी आड आली नाही?

आपण ज्या परंपरेचा अभिमान सांगतो, तिच्यात रांगेत उभे राहणे हा कमीपणा कधी होता? पंढरपूरचेच पाहा. आषाढीच्या आधी विठ्ठलाचा पलंग काढतात, म्हणजे देव झोपतच नाही, लेकरे चालून आली आहेत म्हणून रात्रंदिवस उभा राहतो. आणि यात्रा सरली की प्रक्षाळपूजेत त्याचा शिणवटा घालवून त्याला काढा देतात. एवढी काळजी घेणारे आपले लोक. तिथे आषाढीच्या पहाटे मुख्यमंत्री महापूजेला बसतात तेव्हा दर्शनरांगेतल्या एका वारकरी दांपत्यालाही शेजारी बसण्याचा मान असतो. वर्षातून एक पहाट का होईना, सत्तेच्या शेजारी रांग बसते. आणि ज्यांना तेही जमत नाही, ते कळसाला हात जोडून, नामदेवपायरीला डोके टेकवून परत फिरतात, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. (पंढरपुरात सगळे आलबेल आहे असे माझे म्हणणे नाही. चंद्रभागेच्या वाळवंटातील घाणीवर लिहायचे तर वेगळी पोस्ट लागेल.)

त्याच पंढरपुरात १९४७ साली साने गुरुजींना अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी प्राणांतिक उपोषण करावे लागले होते. त्या अन्यायाची आणि माझ्या पाच तासांच्या रांगेची बरोबरी करणे शोभणार नाही, आणि मी ती करत नाही. परंतु देवाच्या दारात माणसांची वर्गवारी करण्याची आपली खोड किती चिवट आहे, हे मात्र त्यावरून कळते. पूर्वी जात विचारत, आता शिफारसपत्र विचारतात.

आणि अहिल्याबाईंनी काशीविश्वेश्वराचे मंदिर उभारले ते १७८० साली. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या. ज्या वाटसरूंचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, त्यांना पाणी मिळावे आणि पाठ टेकायला जागा मिळावी, एवढा साधा विचार त्यामागे होता. आज आपण त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालतो आणि दुसऱ्या दिवशी पाससाठी ओळखीच्या माणसाला फोन लावतो.

इथे मला स्वतःविषयीही लिहिले पाहिजे, नाहीतर रात्री झोप यायची नाही. काही वर्षांपूर्वी यजमानांच्या कार्यालयातील एका गृहस्थांमुळे आम्हीही एका देवळात बाजूच्या दाराने आत गेलो होतो. मला तेव्हा बरे वाटले होते, अगदी खूप बरे वाटले होते. गाभाऱ्यात पुरेसा वेळ मिळाला आणि त्यातला बराचसा मी पुजाऱ्यांशी, आपण कोणाकडून आलो आहोत, ते बोलण्यात घालवला. रांगेतल्या एकाही माणसाचा चेहरा मला आठवत नाही, कारण मी तिकडे पाहिलेच नाही. तेव्हा भाच्याला सुनावण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न आहेच.

तरीही सांगते, हे वेगळ्या रीतीने होऊ शकते. शेगावला गेलेल्यांना माहीत आहे. पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी हात जोडून 'माऊली' म्हणत रांग पुढे नेतात. गर्दी तिथेही असते आणि थांबू तिथेही देत नाहीत, पण खांद्यावर हात पडत नाही. 'माऊली, पुढे चला' आणि 'ए, चला पुढे' यांना सारखाच वेळ लागतो.

त्या रात्री भक्तनिवासात सासूबाईंनी गावाकडे नणंदेला फोन लावला. दर्शन छान झाले, असे सांगितले. "पिवळं वस्त्र होतं देवाला, काय शोभत होतं!" मी पलीकडच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांना माझे खोटे कळले होते का, ते मी अजून विचारलेले नाही. घरी आल्यावर शेजारणींना त्यांनी तेच सांगितले आणि आता त्यांच्यापुरते ते वस्त्र पिवळेच आहे. फक्त एकदा, भाजी निवडता निवडता, त्या म्हणाल्या, "चूक माझीच गं. मी डोळे मिटायलाच नको होते." पाच तास उभ्या राहिलेल्या बाईला देवासमोर डोळे मिटल्याचा अपराध वाटावा, याचा मला अजून संताप येतो. लिहिताना निवेल असे वाटले होते, ते काही झाले नाही.

भाच्याला मी काही उत्तर दिलेले नाही. त्याने दुपारी मला वेगळा निरोप पाठवला आहे : 'मामी, आजींना परत न्यायचं असेल तर सांग, पासचं मी बघतो.' त्याला आजींची आठवण झाली, हे मला आवडले. काय लिहावे ते सुचत नाही.

मघाशी दिवेलागणीला देवघरात गेले. सासूबाई समईसमोर हात जोडून उभ्या होत्या आणि डोळे सताड उघडे होते. मी म्हटले, "आई, काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही गं, सवय करतेय."